उभा राहिला तर हो

आमच्या घरात मोठे निर्णय डोक्यानं घेत नाहीत, पातेल्यानं घेतात. मी या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता.

त्याचं असं आहे. आमच्याकडे एक मसाल्याचा भात होतो, त्याला घरात पालथा भात म्हणतात. जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी बटाट्याच्या चकत्या, त्यावर परतलेला कांदा, वांगी, गाजर, दालचिनी, लवंग, वेलची, मिरी, आणि सगळ्यात वर तांदूळ. झाकण लावून मंद आचेवर शिजवायचा, आणि शिजला की परातीवर पातेलंच पालथं घालायचं. मग हळूच पातेलं उचलायचं. भात पातेल्याच्या आकारात उभा राहिला तर जमला. ढासळला तरी चवीला तोच असतो, पण माझ्या सासऱ्यांना तेवढं पुरलं नाही. नवं दुकान घ्यावं की नाही या विचारात ते होते, त्या दिवशी भात उभा राहिला आणि त्यांनी दुकान घेतलं. दुकान चाललं. तेव्हापासून घरात कुठलाही पेच आला की भात चढायचा. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा भात पडला, म्हणून कितीतरी उन्हाळे आम्ही माठावर काढले. माझ्या लग्नाच्या वेळी भात उभा राहिला होता म्हणे, पण डावीकडे कलला होता. नवरा अजून भांडणात ते काढतो.

सासरे गेले, पातेलं राहिलं, आणि पातेल्याबरोबर माझी नणंद राहिली.

ताई माझ्या नवऱ्यापेक्षा मोठ्या. बसस्थानकावर घोषणा करतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुणाची लहान मुलगी चौकशीच्या खिडकीपाशी रडते आहे, हे सगळं ताईंच्या आवाजात साऱ्या स्थानकाला कळतं. घरातही त्यांचा आवाज तोच. "लक्ष द्या, न्हाणीघर रिकामं झालेलं आहे," असं त्या म्हणतात तेव्हा शेजारचेही टॉवेल घेऊन उठत असतील. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून मला त्या माझ्या नावानं नाही, 'चष्मेवाली' म्हणून हाक मारतात. बावीस वर्षं एका ओट्यावर काढलीत आम्ही. मिठावरून भांडलो, खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडलो, आणि कुणी तिसऱ्यानं दोघींपैकी एकीला काही म्हटलं की दोघी मिळून त्याच्यावर धावून गेलो.

तर या आमच्या ताई शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "लक्ष द्या. उद्या दुपारी कुलूपवाले जेवायला येणार आहेत. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. पालथा भात करायचा. उभा राहिला तर हो, पडला तर नाही."

नवऱ्याच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही. लेक कॉलेजची पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभी होती, ती पिशवीसकट खाली बसली. आणि मी, जिला घरात सगळे तोंडाळ म्हणतात, चहासकट कप विसळायला घेतले.

कुलूपवाले आम्हाला ठाऊक नव्हते असं नाही. तीन महिन्यांपूर्वी ताईंच्या केबिनचं दार आतून अडकलं. मोबाइल बाहेर टेबलावर. दुसरी कुणी असती तर दार बडवत बसली असती. ताईंनी माईक चालू केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. घोषणा कक्षाचं दार उघडत नाहीये. घोषणा करणारी बाई आत आहे. फलाट चारवरची गाडी वेळेवर सुटेल. कुणाला कुलूप उघडता येत असल्यास त्यांनी वर यावं." स्थानकासमोर किल्ल्यांची टपरी असलेले एक गृहस्थ रस्ता ओलांडून वर गेले. दार उघडलं, तर आत ताई दुसऱ्या गाडीची घोषणा करत होत्या. त्यांनी हातानं थांबा म्हटलं, घोषणा पूर्ण केली आणि मग आभार मानले. ते कुलूप पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी कुलूपवाले हत्यारांची पिशवी न घेताच वर आले, असं तिथल्या झाडूवालीनं मला दुकानात चष्मा घ्यायला आली तेव्हा सांगितलं. मी तिला फ्रेम फुकटात सरळ करून दिली.

माणूस सज्जन. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर नोकरीला. एकदा ताईंना दारापर्यंत सोडायला आले होते तेव्हा मी वरून खिडकीतून नीट पाहून घेतलं. चष्म्याचा नंबर बदलायला आला होता, बाकी सगळं ठीक होतं.

पण आता सगळं भातावर आलं, तेच मला नको होतं. कारण मी एकदा हे पाहिलेलं होतं. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ताईंसाठी एका मास्तरांचं विचारणं आलं होतं. तेव्हाही भात केला. पातेलं उचललं आणि भात आवाज न करता चहूकडे पसरला. सासरे म्हणाले, बरं झालं, आधीच कळलं. ताईंनी तोच भात ताटात घेतला, जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी फलाट चारवरची गाडी त्याच आवाजात सोडली. मास्तरांचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघर ताईंनी ताब्यात घेतलं. तांदूळ त्यांनी आधीच धुऊन झाकून ठेवले होते. "कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर कौल धरणार नाही." कांदा परतायला लागला तसा वास जिन्यात गेला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू काहीतरी मागायच्या निमित्तानं दोनदा येऊन गेल्या. ताई घामाघूम होऊन वांगी तळत होत्या, गुणगुणत होत्या, मध्येच थांबून भिंतीकडे बघत होत्या. मी हळद पुढे केली तर म्हणाल्या, "हळद घातलीय." घातली नव्हती. मी घातली तर म्हणाल्या, "अगं घातली की." मग आम्ही दोघींनी मिळून त्या हळदीकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

थर लावून झाले. तांदूळ वर पसरले, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. त्या झाकणावर माझ्या नवऱ्यानं दुकानातून आणलेलं पाच किलोचं वजन ठेवलं. त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, सासऱ्यांनी भाताच्या कौलावर घेतलेलं तेच. त्याला जगात काहीही जरा तिरकं दिसलं की चैन पडत नाही. बुडबुड्याची पट्टी आणून त्यानं शेगडी सपाट आहे का ते तपासलं आणि एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. ताईंना एवढं चाललं. "पुठ्ठा चालेल," त्या म्हणाल्या, "पुठ्ठा भाताला लागत नाही." आणि त्या आंघोळीला गेल्या.

आता माझं ऐका. मी खोटी बाई नाही. पण मला त्या वेळी एकच दिसत होतं, की मोकळा भात पडतो आणि ओलसर भात चिकटून उभा राहतो. नवरा आणखी एक पुठ्ठा आणायला बाहेर गेला तसं मी वजन उतरवलं, झाकण उचललं, वाफेनं चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या, तरी अंदाजानं एक मोठी वाटी पाणी आत सोडलं. झाकण लावलं, वजन ठेवलं, आणि फडक्यानं ओटा पुसत उभी राहिले. माझ्याइतका स्वच्छ ओटा त्या दिवशी कुणी पुसला नसेल.

मग मी कपडे बदलायला गेले. मी परत आले तेव्हा नवरा ओट्यापाशी शिट्टी वाजवत होता. तो एरवी शिट्टी वाजवत नाही. थोड्या वेळानं लेक आत जाऊन आली, तिच्या कोपरापर्यंत तूप होतं. "हाताला लावलं," ती म्हणाली, "कातडी कोरडी पडलीय." मला माझ्याच पापाची एवढी काळजी होती की कोपराचा विचार मी केला नाही.

ताई तयार होऊन आल्या. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले, आणि ओठावर माझी लिपस्टिक. न विचारता घेतलेली. बावीस वर्षांत त्यांनी माझं काही न विचारता घेतलं नव्हतं, उलट मीच त्यांचं सगळं घेत आले. मला एकदम इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली आणि कोपर कपाटावर आपटून घेतलं.

कुलूपवाले वेळेवर आले. हातात फळांची पिशवी, अंगात नवा शर्ट, गळ्यापाशी शर्टाच्या घडीची टाचणी अजून तशीच. मी ती काढून दिली. ते बसले. ताई बसल्या. नवरा पाणी द्यायला गेला आणि पाणी न देता परत आला. शेवटी कुलूपवाले म्हणाले, "वास फार छान येतोय."

"हो," आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

परात टेबलावर ठेवली. ताईंनी पातेलं दोन फडक्यांनी धरलं, नवऱ्यानं परात पातेल्यावर दाबली, आणि दोघा भावंडांनी मिळून ते उलटं केलं. पातेलं परातीवर पालथं बसलं. आमची पद्धत अशी की आता थोडं थांबायचं. आम्ही थांबलो. लेकीनं माझा हात धरला होता आणि तिच्या नखांनी माझ्या तळव्याची वाट लावली होती.

ताईंनी पातेलं उचललं. परातही वर आली.

त्यांनी खाली ठेवलं, पुन्हा उचललं. परात पुन्हा वर आली. पातेलं भाताला सोडेना, भात परातीला सोडेना. नवऱ्यानं परात धरून ठेवली तर पातेलं हलेना. मी पातेल्याच्या बुडावर बुक्की मारली. काही नाही. लेक म्हणाली, "मी खाली वाकून फुंकते." कशासाठी ते तिलाच ठाऊक.

"मी बघू का?" कुलूपवाले म्हणाले.

ते उठले. बाह्या वर केल्या. पातेल्याला कान लावला, बोटाच्या गाठीनं बाजूनं टकटक केली, जरा सरकून पुन्हा टकटक केली. "इथं धरून बसलंय," म्हणाले. ओलं फडकं मागून पातेल्याच्या बुडावर टाकलं. खिशातून एक पातळ पोलादी पट्टी काढली, फडक्याला पुसली आणि काठाच्या आतून फिरवत नेली. ताई सगळ्यात जवळ उभ्या होत्या, इतक्या जवळ की त्यांच्या केसांची बट कुलूपवाल्यांच्या खांद्याला लागत होती आणि दोघांपैकी कुणीही बाजूला होत नव्हतं. शेवटी कुलूपवाल्यांनी तळहातानं एक थाप मारली. आत काहीतरी सुटलं.

"उचला," ते म्हणाले.

ताईंनी पातेलं उचललं आणि भात उभा राहिला.

उभा म्हणजे किती उभा. वरच्या बटाट्याच्या चकत्या तांबूस, तुपानं चकाकत होत्या. बाजू सरळसोट. सासऱ्यांच्या हातून एकदा पातेलं पडून त्याला पोचा आला होता, तो पोचासुद्धा भातावर उमटला होता. नवऱ्यानं बुडबुड्याची पट्टी आणून भाताच्या डोक्यावर ठेवली. "बुडबुडा मधोमध आहे," तो म्हणाला. त्यानं टेबल हलवून पाहिलं. टेबल हललं, फुलदाणी पडली, भात जागेवर.

"आत्या, उभा राहिला," लेक म्हणाली. "म्हणजे हो ना?"

"काय हो?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. मी सांगितलं, कारण बाकीच्यांनी माना खाली घातल्या होत्या. दुकान, फ्रिज, माझा डावीकडे कललेला भात, आणि आजचं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. हातातल्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं.

"म्हणजे मी आत्ता जे सोडवलं, ते माझंच उत्तर होतं?" ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर हात थरथरला असता."

"म्हणून तर सांगितलं नाही," ताई म्हणाल्या आणि वाढायला डाव घेतला. डाव भातात शिरला नाही. त्यांनी जोर लावला. डाव वाकला. मी सुरी दिली. सुरी निम्मी आत गेली आणि तिथंच राहिली. ताईंनी दोन्ही हातांनी ओढून एक काप काढला, तो साबणाच्या वडीसारखा ताटात येऊन आदळला. तरीही उभाच.

लेकीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, हसू नाकातून आलं. "मी तूप ओतलं," ती म्हणाली. "अख्खी बरणी. कडेनं सुटून यावा म्हणून."

"मी पाणी काढलं," नवरा म्हणाला. "एक वाटी. ओला भात ढासळतो."

"तुम्ही काढलंत?" मी म्हटलं. "अहो, ती वाटी मी घातली होती."

लेक हसून हसून टेबलाखाली गेली. मी हसता हसता खुर्चीचा आधार घेतला तर खुर्चीच सरकली. वरच्या काकूंनी वरून जमिनीवर काठी आपटून विचारलं काय झालं, त्याचं आम्हाला आणखी हसू आलं. कुलूपवालेही हसत होते, पण त्यांचे डोळे ताईंवर होते, आणि ताई हसत नव्हत्या.

नवऱ्यानं डोळे पुसले आणि त्याच्यातला काटेवाला जागा झाला. "पण मग हा कौल धरता येत नाही," तो म्हणाला. "काट्यात फेरफार झाला की माप बाद. पुढच्या रविवारी पुन्हा करावा लागेल. कुणी हात न लावता."

खोलीतलं हसू एकदम खाली बसलं. मला त्या क्षणी नवऱ्याला त्याच्याच पाच किलोच्या वजनानं ठोकावंसं वाटलं. कुलूपवाल्यांनी फळांची पिशवी उगाच सरळ केली. "चालेल," ते म्हणाले. "मी पुढच्या रविवारी येतो. त्याच्या पुढच्याही येतो."

ताई सुरीच्या मुठीकडे बघत होत्या. मग त्या बोलल्या, पण स्थानकाच्या आवाजात नाही. असा आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं.

"तुमचा फेरफार किरकोळ आहे. तांदूळच मी बदललाय."

"कुठला तांदूळ?"

"चिकट. आखूड दाण्याचा. नदीपलीकडच्या बाजारात गेले होते. दुकानदाराला म्हटलं, पड म्हटलं तरी पडणार नाही असा तांदूळ द्या. तो म्हणाला, बाई, याची खळ करतात. म्हटलं, तोच द्या."

नवरा आ वासून बघत राहिला. "कधी गेलीस?"

"शुक्रवारी."

"पण आम्हाला तर तू शनिवारी सांगितलंस. उभा राहिला तर हो, म्हणून."

"हो," ताई म्हणाल्या. "तांदूळ घरात आल्यावरच सांगितलं."

त्यांनी सुरी सोडली आणि हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "मास्तरांच्या वेळी भात पडला," त्या भावाला म्हणाल्या. "मला तो माणूस हवा होता रे. पण पडला, म्हणून मी नाही म्हटलं. तांदूळ बदलता येतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही. एवढं साधं, पण आलं नाही. यावेळी मी भातावर सोडणार नव्हते."

नवऱ्यानं बुडबुड्याची पट्टी भातावरून उचलून खिशात ठेवली. मग त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या त्याच्यापेक्षा मोठ्या असूनही ठेवला, आणि त्यांनी ठेवू दिला.

कुलूपवाले उभेच होते. "मग मी काय समजू?" त्यांनी विचारलं. फार हळू विचारलं.

"भात बाजूला ठेवून सांगते," ताई म्हणाल्या. "हो."

आणि मग त्या हसायला लागल्या. इतका वेळ अडवलेलं सगळं हसू एकदम आलं. त्या हसल्या तशी लेक पुन्हा टेबलाखाली गेली, नवरा भिंतीला टेकला, कुलूपवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. ताईंच्या हनुवटीला भाताचं एक शीत चिकटलं होतं, लिपस्टिक गालावर गेली होती, आणि एवढ्या सुंदर त्या मला कधीच दिसल्या नव्हत्या. मी हसत होते आणि त्याच वेळी मला रडू येत होतं. कारण आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं की हो म्हणजे त्या जाणार. ओटा माझा एकटीचा होणार. मला त्यांना सांगायचं होतं, जा, आणि सांगायचं होतं, जाऊ नका. दोन्ही एकदम कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

मी ताट पुढे ओढलं, सुरी दोन्ही हातांनी धरून त्या भाताचा एक काप पाडला.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला वाढू?"

"वाढ ना," त्या म्हणाल्या. "पण आधी ह्यांना."